संपुटन व बोगदा-पद्धती, संगणक जालातील

संगणक जालातून पाठवावयाच्या माहितीचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यास पत्ता व इतर तपशील असलेला शीर्षभाग जोडतात. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. एक संपूर्ण पॅकेट, त्याच्या स्वतःच्या शीर्षभागासह, दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठविण्याच्या क्रियेस संपुटन असे नाव आहे. मधल्या जालास केवळ बाहेरील पॅकेटचा पत्ता दिसतो व त्यानुसार ते वाहून नेले जाते. पलीकडच्या टोकास बाहेरील वेष्टन काढून आतील पॅकेट मूळ स्वरूपात पुढे धाडतात. दोन टोकांना मधला प्रदेश जणू नाहीच असे भासते, म्हणून या मार्गास बोगदा म्हणण्याचा प्रघात पडला. बोगद्याची टोके बहुधा संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असलेल्या एखाद्या जालघटकाकडून सांभाळली जातात. या पद्धतीचा उदय, कर्नलमध्ये तिला मिळालेले स्थान व तिच्या वापरातून उद्‍भवलेले प्रश्न यांचा विचार येथे केला आहे.

तत्त्व : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे प्रसिद्ध आहे. लढाईनंतर निजाम अलीने खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेतला आणि मराठ्यांच्या अटी मान्य केल्या. त्या काळी लष्कराच्या तळावरून व दरबारांतून जाणारी पत्रे जासूद पोहोचवीत. महत्त्वाचे पत्र लखोट्यात घालून त्यावर मोहोर करीत आणि लखोटा खलित्यात, म्हणजे कापडी थैलीत, ठेवीत. खलिता कोठे व कोणास द्यावयाचा एवढेच जासुदास माहीत असावे लागे. आतील पत्र कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत आहे हे जाणण्याची त्यास गरज नसे. मोडीतील पत्र व फार्सीतील पत्र यांची वाहतूक एकाच जासुदाकडून होऊ शके.

संपुटनाचे तत्त्व हेच होय. वाहून नेणाऱ्यास आतील मजकुराचे ज्ञान नसले, तरी वाहतूक अडत नाही. त्यामुळे जुन्या जालात कोणताही फेरफार न करता त्यावरून नव्या प्रकारची माहिती नेता येते. तथापि खलित्याची उपमा एका बाबतीत अपुरी पडते. मोहोरबंद खलिता मजकूर झाकतो. संपुटन स्वतः काहीही झाकीत नाही. बाहेरील वेष्टनाआडचे पॅकेट, वेगळी योजना केली नसल्यास, वाटेतील कोणासही वाचता येते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढे अनेक अडचणी निर्माण झाल्या.

पूर्वेतिहास : संगणक जालाची कामे एकावर एक रचलेल्या थरांत विभागण्याची कल्पना १९७० च्या दशकात रूढ झाली. वरच्या थराने दिलेला मजकूर खालचा थर आपल्या शीर्षभागात गुंडाळतो. या अर्थाने संपुटन प्रत्येक जालात घडतच असते. बोगद्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात एका थरातील पॅकेट त्याच थरातील, किंवा त्याहून वरच्या थरातील, पॅकेटमध्ये घातले जाते. थरांचा नेहमीचा क्रम येथे मोडला जातो.

इंटरनेट प्रोटोकॉलची (संक्षेपाने आयपी) चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये टिपण क्र. ७९१ द्वारे निश्चित झाली. तिच्या शीर्षभागात, पोटात काय आहे हे सांगणारा आठ बिटांचा एक आकडा असतो. ६ हा आकडा टीसीपीचा व १७ हा यूडीपीचा निदर्शक आहे. आयपीच्या पोटात पुन्हा आयपीच असल्यास ४ हा आकडा लिहितात. आयपीची सहावी आवृत्ती आत असल्यास ४१, तर पुढे वर्णिलेल्या जीआरई पद्धतीसाठी ४७ हा आकडा योजिला आहे. एवढ्या लहानशा तरतुदीवर पुढील सर्व बोगद्यांची उभारणी झाली.

परक्या जालावरून आयपी नेण्याचा एक आरंभीचा प्रयोग अमेरिकेतील सीएसनेट या शैक्षणिक जालात झाला. टेलिफोन कंपन्यांच्या वळणाच्या एक्स.२५ या जालपद्धतीचे मानक १९७६ मध्ये तयार झाले होते. पर्ड्यू विद्यापीठातील डग्लस कोमर व जॉन कॉर्ब यांनी आयपीची पॅकेटे एक्स.२५ वरून नेण्याची रीत बसविली व ती सप्टेंबर १९८३ मध्ये टिपण क्र. ८७७ म्हणून प्रसिद्ध झाली. ज्या विद्यापीठांना स्वतंत्र तार-जोडणी परवडत नव्हती, त्यांना यामुळे सार्वजनिक जालावरून इंटरनेटशी जोडून घेता आले.

बोगद्यांचा उदय : एकाच वेळी अनेकांस पाठवावयाची, म्हणजे बहुप्रेषणाची, पॅकेटे १९८० च्या दशकातील राउटरना समजत नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये वेट्झमन, पार्ट्रिज व डीअरिंग यांनी सुचविलेल्या मार्गनिश्चिती पद्धतीत अशी पॅकेटे न जाणणाऱ्या प्रदेशातून पार नेण्यासाठी बोगद्यांची तरतूद होती. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथे भरलेल्या इंटरनेट अभियंत्यांच्या सभेतील भाषणे तीन खंडांतील सु. २० ठिकाणी जालावरून ऐकविण्यात आली. त्यातून एमबोन हे जाल उभे राहिले. त्याची टोके विद्यापीठांतील युनिक्स संगणकांत होती व त्यासाठी त्यांच्या कर्नलमध्ये फेरफार करावे लागले. राउटर बदलण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांनी आपल्या मेजावरील संगणकाचा कर्नल बदलून नवे जाल निर्माण केले. या घटनेस बोगद्यांच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. आरंभी एमबोनमध्ये वाटेतील थांबे शीर्षभागातच नोंदविण्याची युक्ती वापरीत. अशा पॅकेटांचा राउटरवर भार पडे, म्हणून लवकरच आयपीत आयपी घालण्याची रीत पत्करण्यात आली.

संपुटनाची सर्वसाधारण मांडणी करण्याचा प्रयत्न रॉबर्ट वुडबर्न व डेव्हिड मिल्स यांनी जुलै १९९१ मध्ये केला. ऑक्टोबर १९९४ मध्ये जेनेरिक राउटिंग एन्कॅप्सुलेशन, म्हणजेच जीआरई, ही पद्धती प्रसिद्ध झाली. तोपर्यंत प्रत्येक जोडीसाठी, उदा., आयपीवरून ॲपलटॉक किंवा आयपीवरून नॉव्हेलचे आयपीएक्स, वेगळी रीत बसवावी लागे. जीआरईमध्ये चार बाइटांचा एक लहान शीर्षभाग मध्ये घालून, आत कोणत्या जातीचे पॅकेट आहे हे त्यात नोंदविण्याची सोय झाली. मार्च २००० मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एकाच जोडीतील अनेक बोगदे वेगळे ओळखण्यासाठी किल्ली-क्रमांकाची पुरवणी आली.

ऑक्टोबर १९९६ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांनी आयपीत आयपी घालण्याची रीत मानक स्वरूपात मांडली. तिचा हेतू वेगळा होता. संगणक एका जागेवरून दुसरीकडे नेला, तर त्याचा पत्ता बदलतो व चालू असलेले संभाषण तुटते. यावर उपाय म्हणून त्याच्या मूळ स्थानी एक प्रतिनिधी नेमावा व त्याने आलेली पॅकेटे बोगद्यातून नव्या जागी पाठवावीत, अशी योजना होती. घर बदललेल्या माणसाची पत्रे जुन्या गावच्या पोस्टाने नव्या पत्त्यावर वळती करावीत, तसाच हा प्रकार होय. हीच कल्पना पुढे भ्रमणध्वनीच्या जालात फार मोठ्या प्रमाणावर उपयोगात आली.

कर्नलमधील घटक : फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्डस यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेल्या लिनक्स या कर्नलची १.० आवृत्ती मार्च १९९४ मध्ये निघाली. त्यात आयपीत आयपी घालणारा घटक सॅम लँटिंगा यांनी १९९५ मध्ये लिहिला. जीआरईचा घटक रशियातील ॲलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांचा असून तो जानेवारी १९९९ मधील २.२ या आवृत्तीत समाविष्ट होता. असे घटक जोडून घेण्यासाठी व त्यांची मांडणी करण्यासाठी लागणारी आयपीरूट नावाची साधनेही कुझनेत्सोव्ह यांनीच तयार केली.

कर्नलच्या दृष्टीने बोगदा म्हणजे एक कल्पित जालजोडणी असते. तारेच्या खऱ्या जोडणीप्रमाणेच तिला नाव, पत्ता व पॅकेटच्या आकाराची मर्यादा देतात. मार्गतक्त्यानुसार एखादे पॅकेट या जोडणीकडे आले, की घटक त्याच्या पुढे नवा शीर्षभाग लिहितो व ते पुन्हा मार्गतक्त्याकडे सोपवितो. कर्नलमध्ये पॅकेट ज्या स्मृतिखंडात ठेवतात, त्याच्या आरंभी काही जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. नवा शीर्षभाग त्या जागेत बसतो. त्यामुळे आतील मजकुराची नक्कल करावी लागत नाही व काम जलद होते. मोकळी जागा अपुरी पडल्यास मात्र संपूर्ण पॅकेट नव्या खंडात उतरवून घ्यावे लागते.

घटकाची मांडणी करताना पुढील गोष्टी ठरवाव्या लागतात : आपल्या टोकाचा पत्ता, पलीकडच्या टोकाचा पत्ता, बाहेरील पॅकेटने किती टप्पे जगावे याची मर्यादा, आवश्यक असल्यास किल्ली-क्रमांक आणि आत कोणत्या आकाराची पॅकेटे स्वीकारावयाची याची मर्यादा. यानंतर कोणत्या पत्त्यांची पॅकेटे बोगद्यातून न्यावयाची, हे मार्गतक्त्यात नोंदवितात. दोन्ही टोकांची मांडणी परस्परांशी जुळली नाही, तर बहुतेक वेळा कोणतीही सूचना न मिळता पॅकेटे नाहीशी होतात.

यात एक विचित्र आपत्ती संभवते. पलीकडच्या टोकाकडे जाणारा मार्गच चुकून बोगद्यातून नेला गेला, तर बाहेरील पॅकेट पुन्हा त्याच बोगद्यात शिरते, त्याला आणखी एक वेष्टन चढते, आणि हा प्रकार थांबत नाही. कुझनेत्सोव्ह यांनी जीआरईच्या आज्ञावलीतील टीपेत या निष्फळ फेऱ्यास सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानले आहे. संगणकाच्या आतील फेरा कर्नल स्वतः ओळखून तोडतो. अनेक संगणकांतून फिरणारा फेरा तोडण्यासाठी मात्र आतील पॅकेटच्या उरलेल्या टप्प्यांचा आकडा बाहेरील पॅकेटवर उतरवून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील जालांची वाटचाल : भारतात इंटरनेटचा पाया एर्नेट या शैक्षणिक व संशोधन जालाने घातला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. त्यात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचा, मुंबईसह पाच ठिकाणच्या आयआयटींचा व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा सहभाग होता. दिल्ली व मुंबई यांच्या दरम्यान प्रतिसेकंद ९,६०० बिटांची भाड्याची तार जानेवारी १९९१ मध्ये जोडली गेली. १९९२ मध्ये मुंबईच्या संस्थेतून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत प्रतिसेकंद ६४,००० बिटांची जोडणी झाली. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली.

अशा मंदगती तारांवर प्रत्येक बाइटाचे मोल असे. १,५०० बाइटांचे एक पॅकेट ९,६०० बिटांच्या तारेवरून जाण्यास सव्वा सेकंद लागतो. जीआरईच्या वेष्टनाचे २४ बाइट त्यात २० मिलिसेकंदांची भर घालतात. मोठ्या पॅकेटच्या बाबतीत ही भर किरकोळ वाटते. परंतु दूरच्या संगणकावर एकेक अक्षर टंकणाऱ्यास ४१ बाइटांच्या पॅकेटमागे २४ बाइटांचे वेष्टन जाणवल्याखेरीज राहिले नसते. बोगदा-पद्धतीचा प्रसार तारांची गती वाढल्यानंतरच का झाला, हे यावरून ध्यानात येते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली व ती आरंभी मिळालेल्या शहरांत मुंबईचा समावेश होता. टेलिफोनवरून मिळणाऱ्या या जोडणीचे दोन प्रकार होते. महागड्या प्रकारात ग्राहकाच्या संगणकास खरा आयपी पत्ता मिळे. स्वस्त प्रकारात निगमाच्या युनिक्स संगणकावर केवळ अक्षरांच्या आज्ञा देता येत. स्लर्प नावाची आज्ञावली युनिक्स संगणकावर चालविल्यास स्वस्त जोडणीतूनही आयपीची पॅकेटे अक्षरांच्या तारेवरून नेता येत. ही आज्ञावली कर्नलमध्ये नसून सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चाले. कर्नलला हात लावण्याची परवानगी नसतानाही संपुटन करता येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

भ्रमणध्वनीचे जाल : १९९० च्या दशकाच्या अखेरीस जीएसएम भ्रमणध्वनीत पॅकेटसेवेची भर पडली, तेव्हा जीटीपी या बोगदा-प्रोटोकॉलची योजना करण्यात आली. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पिढीच्या जालांतही तो टिकून आहे. महाराष्ट्रात चौथ्या पिढीची सेवा पुणे येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली व सप्टेंबर २०१६ नंतर ती ग्रामीण भागात झपाट्याने पसरली.

खर्ड्यासारख्या गावातील माणूस चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनीवरून बाजारभाव पाहतो किंवा पैसे पाठवितो, तेव्हा त्याचे पॅकेट प्रथम जवळच्या मनोऱ्यापर्यंत जाते. मनोरा ते जीटीपीच्या शीर्षभागात, तो यूडीपीच्या व सर्व मिळून बाहेरील आयपीच्या शीर्षभागात घालतो. यांचे आकार अनुक्रमे ८, ८ व २० बाइट, म्हणजे एकूण ३६ बाइट असतात. जीटीपीच्या शीर्षभागात ३२ बिटांचा बोगदा-क्रमांक असतो. तो सु. ४२९ कोटी वेगवेगळ्या बोगद्यांस पुरतो. हे पॅकेट दूरच्या शहरातील प्रवेशद्वार-संगणकापर्यंत पोहोचते, तेथे वेष्टने निघतात व आतील पॅकेट इंटरनेटवर जाते. तोच माणूस एस.टी.ने जामखेडला गेला, तर वाटेत मनोरे बदलतात, बोगद्याचे अलीकडचे टोक एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर सरकते, पण त्याच्या भ्रमणध्वनीचा पत्ता बदलत नाही व संभाषण तुटत नाही. १९९६ च्या योजनेतील मूळ स्थानच्या प्रतिनिधीचे काम येथे प्रवेशद्वार-संगणक करतो.

जीटीपीचा लिनक्समधील घटक जुलै २०१६ मधील ४.७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. पाब्लो नेइरा, हॅराल्ड वेल्टे व आंद्रेआस शुल्ट्स हे त्याचे कर्ते होत. त्यापूर्वी मुक्त आज्ञावलींमध्ये प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर काढून, वेष्टन चढवून वा उतरवून, पुन्हा कर्नलमध्ये न्यावे लागे. या येरझाऱ्या वेळखाऊ होत्या. नव्या रचनेत कामाची वाटणी करण्यात आली. ग्राहकाची ओळख पटविणे, बोगदा उघडणे व बंद करणे ही वाटाघाटीची कामे कर्नलबाहेर राहिली. प्रत्यक्ष पॅकेटे गुंडाळणे व उलगडणे कर्नलकडे गेले.

त्याच्या मांडणीत ही वाटणी स्पष्ट दिसते. प्रथम कर्नलबाहेरील आज्ञावली यूडीपीची दारे उघडते. जुन्या आवृत्तीसाठी ३३८६ व नव्या आवृत्तीसाठी २१५२ असे त्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. ही दारे ती कर्नलमधील घटकाच्या स्वाधीन करते व कल्पित जोडणी निर्माण होते. त्यानंतर प्रत्येक ग्राहकामागे एक नोंद करावी लागते. तीत प्रोटोकॉलची आवृत्ती, येणारा व जाणारा बोगदा-क्रमांक, पलीकडच्या टोकाचा पत्ता आणि ग्राहकाच्या भ्रमणध्वनीचा पत्ता असतो. जोडणी निर्माण करणारी आज्ञावली बंद पडली, तर तिने उघडलेली दारेही मिटतात व सर्व बोगदे निरुपयोगी होतात. नवशिक्या अभियंत्यास ही गोष्ट बहुधा अनुभवानेच कळते. मोठ्या दूरसंचार कंपन्या सामान्यतः उत्पादकांची खास यंत्रे वापरतात. मुक्त घटकाचा उपयोग मुख्यतः प्रयोगशाळा, शिक्षणसंस्था व लहान खाजगी जाले यांना झाला. पूर्वी ज्या यंत्रणेचे अंतरंग काही मोजक्या उत्पादकांनाच ठाऊक होते, ती साध्या संगणकावर उभारून पाहणे त्यामुळे शक्य झाले.

आकारमर्यादेचा प्रश्न : इथरनेट जालात एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. वेष्टनाचे बाइट यातूनच वजा होतात. आयपीत आयपी घातल्यास आतील पॅकेटला १,४८०, जीआरईत १,४७६ व जीटीपीत १,४६४ बाइट उरतात. मोठे पॅकेट आल्यास ते तोडावे लागते, किंवा पाठविणाऱ्यास आकार कमी करण्यास सांगावे लागते. मार्गातील सर्वांत अरुंद जागा शोधण्याची यासाठीची रीत जेफ्री मोगल व स्टीव्हन डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये मांडली. ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा निरोप वाटेतील राउटरने मागे पाठवावा, असे तिचे स्वरूप आहे.

सुरक्षिततेच्या नावाखाली अनेक व्यवस्थापकांनी असे निरोप सरसकट अडविले. परिणामी जोडणी सुरू होते, लहान पॅकेटे जातात, परंतु मोठी पॅकेटे आली की सर्व ठप्प होते. सप्टेंबर २००० मधील टिपण क्र. २९२३ मध्ये या दोषाची चर्चा असून त्यास कृष्णविवर असे नाव पडले. संकेतस्थळाचे शीर्षक दिसते पण पृष्ठ उघडत नाही, छोटे पत्र जाते पण जोडपत्र जात नाही, अशी त्याची लक्षणे असतात. पाहणाऱ्याचा रोख संकेतस्थळावर जातो. दोष मात्र मधल्या न दिसणाऱ्या बोगद्यात असतो. म्हणून बोगदा बांधताना आतील मर्यादा आरंभीच कमी करून ठेवणे, ही अनुभवी व्यवस्थापकांची रीत आहे.

गुप्तता व विश्वास : मजकूर झाकण्यासाठी संपुटनाला कूटलेखनाची जोड द्यावी लागते. आयपीसेक या कूटपद्धतीची टिपणे ऑगस्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली व तिची मांडणी क्लिष्ट ठरली. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींमुळे प्रसार पावलेल्या पीपीटीपीमधील कमकुवतपणा ब्रूस श्नायर व त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ मध्ये दाखवून दिला. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. ते कर्नलबाहेर चाले व पॅकेटे मिळविण्यासाठी कर्नलमधील टन या साध्या घटकाचा आधार घेई. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड २९ मार्च २०२० रोजी निघालेल्या लिनक्स ५.६ मध्ये समाविष्ट झाले. त्याची मूळ आज्ञावली सु. ४,००० ओळींची होती. एका माणसास थोड्या दिवसांत ती संपूर्ण वाचून तपासता यावी, हा तिच्या लहान आकारामागील हेतू होता.

त्याच महिन्यात करोना साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. दूरसंचार विभागाने १३ मार्च २०२० रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांस घरून काम करता यावे म्हणून जोडणीविषयक अटी शिथिल केल्या होत्या. पुणे व मुंबई येथील कार्यालयांतील हजारो कर्मचारी आपापल्या घरांतून कूटबद्ध बोगद्यांद्वारे काम करू लागले. कार्यालयातील मोजक्या अभियंत्यांपुरती असलेली ही यंत्रणा त्या काळात उपजीविकेचे साधन बनली.

कूटबद्ध बोगद्यातही विश्वासाचा प्रश्न सुटत नाही, केवळ त्याची जागा बदलते. वाटेतील जालास मजकूर दिसत नाही. परंतु बोगद्याचे दुसरे टोक ज्याच्या हाती आहे त्यास पॅकेटे कोणाची व कोठे जाणारी हे समजते. भारताच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवणे आवश्यक झाले. कंपन्यांच्या अंतर्गत वापराचे बोगदे यातून वगळण्यात आले. गुन्ह्यांच्या तपासासाठी हे आवश्यक असल्याचे शासनाचे म्हणणे होते. काही परदेशी कंपन्यांनी मात्र भारतातील आपले संगणक काढून घेतले.

ज्या बोगद्यांत कूटलेखन नाही, तेथील धोका वेगळा आहे. जीटीपी, जीआरई व आयपीतील आयपी यांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नाही. घटकाची मांडणी करताना पलीकडच्या टोकाचा पत्ता मोकळा सोडला, तर कोणीही पाठविलेले पॅकेट स्वीकारून, उलगडून पुढे धाडले जाते. खोट्या पत्त्याचे पॅकेट अशा संगणकाच्या आडून पाठविता येते व दोष त्या संगणकाच्या माथी येतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे सु. ४२ लाख संगणक व राउटर जगभर आढळले. मुळात १९९० च्या दशकातील बोगदे परस्परांस ओळखणाऱ्या थोड्या संस्थांमधील होते. तो विश्वास गृहीत धरणारी मांडणी पुढे अनोळखी लोकांच्या जालात तशीच राहून गेली.

मेघसंगणनातील वापर : मोठ्या संगणक-केंद्रांत एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे कल्पित संगणक चालतात व त्यांची जाले परस्परांपासून वेगळी ठेवावी लागतात. इथरनेटमधील जुन्या विभाजनपद्धतीत यासाठी १२ बिटांचा क्रमांक असल्याने सु. ४,००० विभागच शक्य होते. व्हीएक्सलॅन या पद्धतीत २४ बिटांचा क्रमांक योजून ही संख्या १ कोटी ६७ लाखांवर नेण्यात आली. तीत इथरनेटचे संपूर्ण पॅकेट यूडीपीच्या पोटात घालतात व त्यासाठी ५० बाइट खर्ची पडतात. स्टीफन हेमिंजर यांनी लिहिलेला तिचा घटक लिनक्सच्या ३.७ आवृत्तीत डिसेंबर २०१२ मध्ये आला. पद्धतीचे टिपण मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मानक आधी व यंत्रणा नंतर हा पूर्वीचा क्रम येथे उलटलेला दिसतो.

मूल्यमापन : जालांच्या इतिहासात बोगदा-पद्धती ही तात्पुरती सोय म्हणून वेळोवेळी स्वीकारण्यात आली. मधले राउटर बहुप्रेषण शिकतील, सर्वत्र आयपीची सहावी आवृत्ती येईल व बोगदे अनावश्यक ठरतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांची संख्या वाढतच गेली. जुनी यंत्रणा न बदलता नवी सेवा सुरू करता येणे, हे त्याचे मुख्य कारण होय. जेथे मधल्या जालावर आपला अधिकार नाही, तेथे दोन टोकांवरील अधिकार पुरेसा ठरतो. एमबोनच्या विद्यापीठांना, स्वस्त जोडणीवरील मुंबईच्या ग्राहकांना व भ्रमणध्वनी कंपन्यांना हाच गुण उपयोगी पडला.

याची किंमत दोन प्रकारे द्यावी लागते. एक म्हणजे वेष्टनाचे बाइट. ते मोजता येतात व तारांची गती वाढल्याने त्यांचे ओझे हलके झाले आहे. दुसरी म्हणजे मधल्या मार्गाचे अदृश्य होणे. ते मोजता येत नाही. पॅकेट कोठे अडले, कोणी वाचले, कोणी खोटे मिसळले हे आतून दिसत नाही. त्यामुळे पॅकेटे सुरक्षित राहण्याची जबाबदारी टोके सांभाळणाऱ्यांवर, म्हणजे अखेर कर्नलमधील घटकाची मांडणी करणाऱ्यांवर, येऊन पडते. पलीकडच्या टोकाचा एक पत्ता लिहावयाचा राहून गेला, तर त्याचा परिणाम बोगद्याच्या अस्तित्वाची कल्पनाही नसलेल्या असंख्य सामान्य वापरकर्त्यांस भोगावा लागतो.